हिरव्यातून सतरा

एप्रिल लागला की आमच्या कॉलेजात काळे पडदे बाहेर काढतात. फिजिक्सच्या प्रयोगशाळेचे पडदे. वर्षभर ते कपाटाच्या माथ्यावर घडी करून पडलेले असतात. प्रॅक्टिकलच्या आठवडाभर आधी आमचे अटेंडर मौलाभाई ते मागच्या लिंबाखाली नेतात आणि काठीनं झोडपतात. काळ्या पडद्यातून लाल धूळ निघते. बिदरची धूळ कपाटात कुलूप लावून ठेवली तरी आत येते. त्यावर लिंबाचा मोहर गळत असतो, डोक्यावरून हवाई दलाची सरावाची विमानं जात असतात, आणि मौलाभाई प्रत्येक फटक्याला एकदा शिंकतात. हा आमचा परीक्षेचा ऋतू. पंधरा वर्षांपूर्वी ह्याच प्रयोगशाळेत मी विद्यार्थिनी होते, आता गेली आठ वर्षं इथंच शिकवते. पडद्यांचा वास तोच आहे.

इतकी वर्षं हा वास मला आवडायचा. त्यात थोडी भीती असायची, थोडी हुरहुर, आणि पुष्कळशी सरांची आठवण. यंदा त्या वासानं माझं डोकं उठलं. मी मौलाभाईंवर विनाकारण ओरडले आणि मग त्यांना चहा आणून दिला. सरळच सांगते, मला फसवलं गेलंय. ज्या माणसानं फसवलं तो मला वडिलांखालोखाल होता, आणि मी त्याला दर गुरुपौर्णिमेला फोन करत होते. फसवणूक कळायला पंधरा वर्षं लागली ह्याचा राग वेगळाच आहे.

त्या वर्षीचा एप्रिल मला अजून हाताला लागतो. मी कमठाण्याहून बसनं यायचे. खिडकीचा गज इतका तापलेला असायचा की रुमाल गुंडाळून धरावा लागे. आई अंगणात बसून चिंचा फोडत असायची आणि माझ्या रेकॉर्ड बुकाच्या एखाद्या पानाला हमखास चिकट बोट लागायचं. जयंती जवळ आलेली, गल्लीत निळे झेंडे बांधून झालेले, ढोलाचा सराव चाललेला, आणि मी कानात बोटं घालून क्वांटमची तरंगफलनं पाठ करायचे. अप्पा सगळ्या गल्लीला सांगत फिरायचे, "आमची सुजाता लई बारीक चीज शिकायलीय. डोळ्याला दिसतच न्हाई असली." कुणी विचारलं की मग कळतं कसं, तर म्हणायचे, "तिच्या सराला इचारा."

ते सर म्हणजे हुलसूरकर सर. उंच, किंचित वाकलेले, खिशात कायम टेस्टर. पुस्तक इंग्रजी, फळ्यावरची गणितं इंग्रजी, पण गाडं अडलं की सर कन्नडमधून मराठीत आणि मराठीतून उर्दूत शिरायचे, आणि गोष्ट डोक्यात बसवूनच बाहेर पडायचे. उजेड सलग वाहत नाही, सुटा सुटा येतो, हे त्यांनी आम्हाला तुरीवरून शिकवलं. "आडतीत पोतं वतताना बघितलंय न्हाई का? लांबून धार दिसते. जवळ जाऊन बघ, दाणे हायत. उजेडाचंबी तसंच. आणि ध्यानात ठेवा, अर्धा दाणा कुणाला मिळत न्हाई."

आणि मग ते वाक्य, जे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. विचारेपर्यंत कणाकडं उत्तर तयार नसतं, अनेक शक्यता एकदमच नांदत असतात, मोजलं की त्यातली एकच उरते, हे सांगून झाल्यावर सर खडू खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "विचारा, आणि जे उत्तर येईल ते सोसा." ह्या वाक्यावर मी जीव टाकला होता. आमच्यासारख्यांच्या घरी प्रश्न विचारायला मिळणं हीच केवढी मिळकत आहे हे मला घरात ऐकून ऐकून ठाऊक होतं. उत्तर सोसायचं असतं, हे मात्र सरांनी शिकवलं.

प्रयोग साधा होता. एक लाकडी डबा, त्यावर रांगेत पाच एलईडी दिवे: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. प्रत्येकाखाली कागदाची चिठ्ठी, तिच्यावर त्या रंगाची तरंगलांबी. खोलीत अंधार करायचा, दिव्यावर काळ्या कागदाची नळी धरायची, नळीला डोळा लावायचा आणि बटण अगदी हळू फिरवत व्होल्टेज वाढवायचं. एका क्षणी अंधारात रंगाचा ठिपका उगवतो. तिथं थांबायचं आणि मीटरवरचा आकडा लिहायचा. त्या आकड्यावरून उजेडाच्या एका दाण्याची ऊर्जा कळते. तिला चिठ्ठीवरच्या तरंगलांबीची जोड दिली की तो स्थिरांक हाती येतो, ज्याला पुस्तकात नुसतं एच म्हणतात आणि ज्याच्यावर हे सगळं शास्त्र उभं आहे. सहा पूर्णांक सहा, पण त्याच्या आधी शून्यांची भलीमोठी रांग. पंख्याचा आवाज नाही, कारण कागद उडतात. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. घाम हनुवटीवरून मीटरच्या काचेवर पडतोय, आणि बिदरमधली एक मुलगी विश्वाचा एक आकडा स्वतःच्या बोटांनी शोधतेय. मला तेव्हा जगात दुसरं काही नको होतं.

बाकीच्यांना प्रयोग आवडायचा, पण सोसायचं त्यांच्या मनात नसायचं. आमच्याकडं रीडिंग घेत नाहीत, बसवतात. उत्तर आधी लिहायचं, मग उलटं गणित करत वर यायचं आणि शेवटी रकान्यात आकडे भरायचे, एखादा मुद्दाम थोडा इकडंतिकडं, खरा वाटावा म्हणून. ह्यात कुणाला लाज वाटत नाही, उलट ज्याला बसवता येत नाही तो बावळट. क्वांटममध्ये एक नियम आहे की अनोळखी अवस्थेची हुबेहूब नक्कल काढताच येत नाही. आमच्या प्रयोगशाळेला हा नियम कुणी कळवलेला नाही. इथं रेकॉर्ड बुकं सीनियरकडून ज्युनियरकडं इतक्या पिढ्या चालत आलीत की कुणा एकाच्या हातून सांडलेल्या शाईचा डाग पुढच्यांनी पेनानं जसाच्या तसा काढलेला मी पाहिलाय.

मी बसवत नव्हते. मी शहाणी होते म्हणून नाही. सरांचं खरं मानलं होतं म्हणून. सरावात माझा हिरवा दिवा दोन पूर्णांक एकोणीसला लागायचा आणि एच नीट सहा पूर्णांक सहाच्या आसपास यायचा.

परीक्षेला चिठ्ठी उचलली तर हाच प्रयोग. आनंदानं मला रडू येईल असं वाटलं. लाल, नारिंगी, पिवळा, सगळे शिस्तीत आले. हिरव्याला नळी लावली आणि बटण फिरवत गेले. एकोणीस गेलं, अंधार. पंचवीस गेलं, अंधार. छत्तीसला ठिपका उगवला. परत घेतलं, छत्तीस. सहा वेळा घेतलं, दोन पूर्णांक छत्तीस. एच सात पूर्णांक एक यायला लागला. ठिपका मला जरा वेगळा वाटला होता, नेहमीच्या पोपटी रंगाहून निळसर, पण परीक्षेत डोळ्यांवर कोण विश्वास ठेवतं? उलटं गणित मलाही येत होतं. दोन मिनिटांचं काम. मी पेन उचललं, वहीचं पहिलं पान आठवलं, आणि छत्तीस लिहिलं.

बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. माझ्या कागदावर पेन आपटत म्हणाले, "हे काय आहे?" मी म्हणाले, "जे आलं ते लिहिलंय सर." ते हुलसूरकर सरांकडं वळले. सरांनी माझ्या कागदाकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं, आणि खाली बघत म्हणाले, "पोरगी हुशार हाय. हात जरा जड हाय तिचा."

मार्क गेले त्याचं मला फार वाटलं नाही. पण ते वाक्य माझ्या अंगात शिरलं. त्याच महिन्यात बेंगळुरूच्या एका संस्थेतून मुलाखतीचं पत्र आलं होतं. तिथं उजेडाचा एकेक दाणा सुटा करून त्याच्यावर प्रयोग चालायचे. फॉर्म सरांनीच भरून दिला होता. अप्पांनी उदगीरहून नवी बॅग आणली होती, चेन दोनदा उघडझाप करून बघितली होती. मी सरांना विचारायला गेले, "सर, जाऊ का?" सर बराच वेळ टेस्टर खिशातून काढत आणि परत ठेवत राहिले. मग म्हणाले, "तिथं सगळं हाताचं काम हाय, पोरी. तू थेरी कर. गुलबर्ग्याला एमएस्सी कर, पोटापाण्याचं बघ." किती मायेनं म्हणाले. मी त्यांच्या पाया पडून घरी आले. त्या बॅगेत पुढं अप्पांनी तुरीचं बियाणं ठेवलं.

हात जड असलेली बाई होणं ही गंमत नाही. एकदा मान्य केलं की ते सगळीकडं पसरतं. मी रांगोळी सोडली. सुईत दोरा नवऱ्याकडून ओवून घ्यायला लागले. लेकीची नखं मी कधी कापली नाहीत, लागेल म्हणून. भाकरी मात्र माझी गोल येते, पातळ येते, टम्म फुगते. सासूबाई म्हणायच्या, हिच्या हाताला काय माप आहे! मला वाटायचं म्हातारी लाडानं बोलतेय.

पुढं सर निवृत्त झाले आणि मी त्यांच्याच खुर्चीवर आले. आले तेव्हा प्रयोगशाळेत एक नवा मंत्र रुजलेला होता. सीनियर ज्युनियरला सांगायचे, "हिरव्यातून सतरा काढ." म्हणजे हिरव्या दिव्याचं जे रीडिंग येईल त्यातून पॉइंट सतरा वजा करून लिहायचं, की एच बरोबर येतो. का, ते कुणी विचारत नसे. हिरवा दिवा खट्याळ आहे, एवढं कारण पुरत होतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले. पुढं पुढं मीही म्हणायला लागले, "हिरव्याला सांभाळून घ्या रे." मी स्वतः त्या डब्याला हात लावत नव्हते. लावला असता तर काय दिसलं असतं ते मला माहीत होतं: माझाच हात.

आता मी ह्या गोष्टीवर डोकं आपटते. दरवर्षी इतक्या मुलांचा हात एकाच बाजूला, एकाच मापानं कसा हलेल? हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या पोरालाही पडायला हवा. मला तो आठ वर्षं पडला नाही. मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवते की उजेडाचा दाणा दाणा पाठवून गुप्त किल्ली धाडता येते, आणि कुणी मधे चोरून डोकावलं तर आकड्यांत खूण राहते. ती खूण बघायची असते, तिच्यावरच सगळी मदार आहे. आणि बाजूच्याच खोलीत सतरा नावाची खूण वर्षानुवर्षं बोंबलत होती.

यंदा भाग्यश्री आली. औरादची, शेवटच्या सेमिस्टरची, बोलायला तिखट. सरावाच्या दिवशी पडद्याआडून तिचा आवाज आला, "मॅडम, हिरव्याचं न्हाई बसायलं."

"हात हलतोय तुझा. परत घे."

"सहादा घेतलं की. छत्तीसच यायलंय."

मी न बघताच म्हणाले, "मग सतरा काढ आणि पुढं चल."

पडदा बाजूला झाला. घामानं थबथबलेली, केस कपाळाला चिकटलेले. म्हणाली, "कामून काढू? तुम्हीच म्हणलात न्हाई का, विचारा आणि जे येईल ते सोसा."

ते वाक्य मी दरवर्षी वर्गात सांगते. पहिल्यांदाच ते कुणीतरी मला परत केलं. आणि तिच्या कागदावर दोन पूर्णांक छत्तीस होतं. पंधरा वर्षांच्या अंतरावर दोन मुलींचं रीडिंग शतांशापर्यंत जुळलं. ह्यात क्वांटमचं गूढ काही नाही. दोघींपुढं एकच दिवा होता, एवढंच.

कॉलेज सुटल्यावर मी मौलाभाईंना थांबवून घेतलं. कपाटातून जुना स्पेक्ट्रोमीटर काढला, जाळी बसवली, पडदे ओढले. पंधरा वर्षांनी पहिल्यांदा त्या डब्याला हात लावला. चिठ्ठीवर पाचशे पासष्ट लिहिलेलं. दिव्याची तरंगलांबी मोजली तर पाचशे पंचवीस आली. परत मोजली. पाचशे पंचवीस. चिठ्ठीप्रमाणं रंग पोपटी असायला हवा होता, समोर निळसर हिरवा होता. मग मी रेकॉर्डच्या मागच्या पानावर पाचशे पंचवीस आणि दोन पूर्णांक छत्तीस घेऊन एच काढला. सहा पूर्णांक सहा. बरोबर, अगदी पुस्तकातला. माझं परीक्षेतलं रीडिंग बरोबर होतं. माझे डोळे बरोबर होते. हात जड नव्हता. मी स्टुलावर बसले आणि मौलाभाईंसमोर हुंदके देऊन रडले.

ते बिचारे घाबरले. "क्या हुआ मॅडम? हरी बत्ती बिगड गई क्या?"

मी म्हणाले, "मौलाभाई, हा दिवा मूळचा नाही. कुणी बदललाय."

"हौ, मैं च तो लाया था," ते सहज म्हणाले. "तुम्हारे परीक्षा के दिन. सुबू सुबू पुरानी वाली जल गई ना, सर बोले जल्दी रेडिओवाले के पास से ला. मैं लाया, सर ने खुद अपने हात से लगाया."

माझ्या परीक्षेच्या सकाळी जुना दिवा जळाला होता. सरांनी स्वतः नवा लावला होता. चिठ्ठी जुनीच ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मैलूरला गेले. सरांचं घर मला पाठ आहे. काकूंनी नेहमीसारखं ताक दिलं. सर आता थकलेत, ऐकायला कमी येतं, पण टेस्टर अजून खिशात आहे. मी डब्याचं सांगितलं. वाटलं होतं, दचकतील, म्हणतील, अरेरे, माझ्या ध्यानातच आलं नाही. मी त्याचीच तयारी करून गेले होते. माफ करायची तयारी.

सर दचकले नाहीत. ताकाचा पेला खाली ठेवून म्हणाले, "कळलं म्हणायचं शेवटी."

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"त्या दिवशी? परीक्षक विचारायलेत, तुम्ही माझ्या कागदाकडं बघायलात, तेव्हा माहीत होतं?"

"परीक्षा रद्द झाली असती गं. डबा नादुरुस्त म्हणून वर पत्र गेलं असतं, माझ्यावर आलं असतं. आणि तरंगलांबी मोजायला वेळ कुठं होता? मला वाटलं..." त्यांनी खिशातला टेस्टर चाचपला.

"काय वाटलं, सर?"

"सगळी बसवत्यात. मला वाटलं, तूबी बसवशील."

मी हे वाक्य कितीतरी दिवस मनात घोळवतेय. ह्याच्या तळाशी काय आहे ते मला कळलंय. सरांचा स्वतःच्याच शिकवण्यावर विश्वास नव्हता. साठ मुलांना ते सांगत होते, जे येईल ते सोसा, आणि साठांपैकी कुणी ऐकणार नाही ह्या भरवशावर त्यांनी खोटी चिठ्ठी तशीच ठेवली होती. नेमकं मी ऐकलं. ज्यानं त्यांचं मानलं नाही त्याला काही झालं नाही.

"आणि बेंगळुरू?" मी विचारलं. "मी विचारायला आले होते. खोलीत दोघंच होतो आपण. तेव्हा तरी?"

"एकदा परीक्षकापुढं बोललो, मग तुझ्यापुढं वेगळं कसं बोलू? दिवस गेले, मग अजून अवघड झालं. तुझं काय वाईट झालं पण? नोकरी हाय, घर हाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "चिठ्ठी गुपचूप बदल. कुठं बोलू नको. पोरं अजून नाव काढत्यात माझं."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं. मी उठले. दर वेळेला पाया पडते, त्या दिवशी पडले नाही, आणि आमच्या दोघांच्याही ते लक्षात आलं.

एक प्रश्न मी विचारला नाही. माझ्या जागी त्यांच्या नात्यागोत्यातली, त्यांच्या गल्लीतली एखादी मुलगी असती तर "हात जड हाय" हे शब्द इतक्या पटकन तोंडातून निघाले असते का? जिभेवर आला होता. कदाचित निघाले असते. भित्रा माणूस कुणालाही पुढं करतो. कदाचित नसते. विचारला नाही तोवर दोन्ही उत्तरं जिवंत आहेत, आणि खरं सांगते, त्यातलं एक सोसायची माझी ताकद नव्हती. त्यांचं वाक्य मी इतकी वर्षं शिकवतेय, पण ह्या एका ठिकाणी मलाच पाळता आलं नाही.

सध्या सगळीकडं क्वांटमची हवा आहे. बाजारात भाजी घेतानासुद्धा ओळखीचे पालक विचारतात, "मॅडम, तो क्वांटम कंप्युटर आला म्हणजे पोराला काय शिकवावं?" मी त्यांना सांगते की ते यंत्र अजून चुकांशीच झगडतंय. कण फार नाजूक, जरा ऊब लागली, जरा धक्का बसला की बिघडतात. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत हुशार माणसं आज एकाच कामाला भिडलीत: चूक कशी पकडायची. युक्ती फार देखणी आहे. कणाला तुझं उत्तर काय असं विचारायचं नाही, कारण विचारलं की मोडतं. बाजूला पहारेकरी कण ठेवायचे आणि त्यांच्याकडून एवढंच काढून घ्यायचं की शेजाऱ्याशी शेजारी जुळतोय का. नाही जुळलं तर चूक कुठं झाली ते कळतं आणि दुरुस्त करता येते. म्हणजे न जुळणं हीच तिथं कामाची गोष्ट. मी हे सांगत असते आणि मनात येतं, ह्या लोकांना आमच्या प्रयोगशाळेत एक दिवस बसवावं. सगळं कसं जुळलेलं, एक चूक सापडायची नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी सगळ्या वर्गाला डब्याभोवती उभं केलं. मौलाभाईही मागं येऊन उभे राहिले. जुनी चिठ्ठी ब्लेडनं खरवडून काढली. गोंद इतका मुरलेला की लाकूडही थोडं निघालं. नवी चिकटवली आणि सगळं सांगितलं. दिवा कधी बदलला, कुणी बदलला, चिठ्ठी तशीच का राहिली. सरांचं नाव घेतलं. गुपचूप करायला सांगितलं होतं, मी केलं नाही. आणि हेही सांगितलं की गेली आठ वर्षं "सतरा काढा" म्हणणारी मीच होते, तेव्हा त्यांना फसवणाऱ्यांत माझाही नंबर आहे. प्राचार्यांना तसं पत्र लिहून दिलंय.

मग मागून एक पोरगा हळूच म्हणाला, "म्हणजे सतरा संपलं म्हणायचं," आणि सगळे हसले. मलाही हसू आलं.

भाग्यश्री हसली नाही. ती डब्याकडंच बघत होती. म्हणाली, "मॅडम, म्हणजे माझं बरोबर हुतं?"

"व्हय. तुझं बरोबर होतं. पहिल्यापासून."

तिनं नुसती मान हलवली, जणू तिला ते ठाऊकच होतं, आणि ओढणीनं मीटरची काच पुसायला लागली. मला तिचा अभिमान वाटला आणि तितकाच हेवाही वाटला, दोन्ही सांगून टाकते. माझं बरोबर होतं हे त्या वयात मला कुणीतरी सांगायला हवं होतं. सांगू शकणारा एकच माणूस होता.

प्रॅक्टिकल झालं. पडदे उतरले. मौलाभाईंनी घड्या करून ते परत कपाटावर टाकले. परवा भाग्यश्री एक फॉर्म घेऊन आली. बेंगळुरूच्या एका संस्थेचा. उजेडाचे सुटे दाणे, त्यांचे प्रयोग. ती संस्था तीच का ते मी बघितलं नाही, मुद्दाम. शिफारस करणाऱ्यानं भरायचा एक रकाना होता: विद्यार्थ्याचं प्रयोगातलं कौशल्य. खाली पाच-सहा ओळींची जागा.

"काय बी लिवा मॅडम, पण खरं लिवा," ती म्हणाली आणि समोर उभी राहिली.

मी लिहिलं, हात स्थिर आहे. एवढंच. सही केली आणि कागद तिला दिला. ती गेल्यावर बराच वेळ पेन उघडंच राहिलं होतं. तीन शब्द. लिहायला काहीच वेळ लागत नाही.